मोठं दुकान सोडून चाललंय, जिमला जागा द्यावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरच्या मालकीचं दोन मजली शॉपिंग सेंटर आहे, 46 गाळे. त्यातलं सगळ्यात मोठं कपड्यांचं दुकान दोन्ही मजले मिळून 28,000 चौरस फुटांचं. ते 8 महिन्यांनी मुदत संपताच बाहेर पडणार, तसं पत्र आलंय. एक जिमवाला ती सगळी जागा एकहाती घ्यायला तयार आहे, पण त्याला आठवड्यात सही हवी आहे. दातांच्या दवाखान्यांची एक साखळी तळमजल्यावरचे दर्शनी 3 गाळे मागतेय. शिवाय बातमी फुटल्यापासून 2 जुने दुकानदार भाडं कमी करा म्हणून रोज ऑफिसात येऊन बसतायत. हो कुणाला म्हणायचं?

अजून कुणालाच नाही. आठवड्याची मुदत जिमवाल्याची आहे, तुमची नाही. एवढी मोठी जागा घेणारे दारात रांग लावून उभे नसतात हे खरं, पण पार्किंगसकट एवढी सलग जागा त्यालाही रोज मिळत नाही. तो महिनाभर थांबेल.

मी 22 वर्षं या धंद्यात आहे. पहिली 8 वर्षं चपलाबुटांच्या एका साखळीसाठी जागा शोधायचे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते. नंतर मालकांच्या बाजूने आले. त्यामुळे दोन्हीकडच्या थापा ओळखीच्या आहेत. मालकांच्या हातून सगळ्यात महाग पडणारी चूक मी एकच पाहत आले: रिकामा होणारा गाळा म्हणजे एकच गाळा, असं धरून चालणं. मोठं दुकान गेलं की फक्त त्याचं भाडं जात नाही. ते तिथे आहे म्हणून बाकीच्यांनी जे भाडं कबूल केलं होतं, तेही डळमळतं. कुणाला किती ते आत्ता तुम्हाला तोंडपाठ नसणार. ते तुमच्या कपाटात आहे.

तेव्हा आधी फायली काढा. 46 करार, त्यांची पुरवणीपत्रं, मुदतवाढीची पत्रं आणि फायलीला कधीच न लागलेले ई-मेल. भिंतीवर लावता येईल एवढा तक्ता करा: कोण, किती फूट, मुदत कधी संपते, मुदतवाढ मागायचा हक्क कुणाला, भाडं किती, मेंटेनन्स कसा वाटलाय. शेवटचा रकाना ठेवा त्या कलमांचा, ज्यांत या दुकानदाराचा करार दुसऱ्या कुणाच्या असण्या-नसण्यावर टांगलेला आहे. तो भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल, आणि जिमचं उत्तर त्याच रकान्यात आहे.

त्यात सापडेल ते मुख्यतः को-टेनन्सीचं कलम. साखळी दुकानं ते हमखास घालून घेतात. मजकूर साधारण असा असतो: अमुक मोठं दुकान चालू नसेल, किंवा सेंटरमधली 80 टक्क्यांपेक्षा कमी जागा चालू असेल, तर आम्ही ठरलेलं भाडं देणार नाही, त्याऐवजी विक्रीचा काही टक्के देऊ. ही स्थिती 12 महिने टिकली तर करार मोडून जाऊ. आकडे करारागणिक बदलतात, सांगाडा हाच. आता समजा 46 पैकी 9 जणांकडे हे कलम आहे. मोठं दुकान गेलं, 9 जण टक्क्यावर आले. त्यातले 4 वर्षाअखेर निघून गेले. चालू जागा 80 टक्क्यांच्या खाली घसरली. ज्यांच्या करारात मोठ्या दुकानाचं नावही नव्हतं, फक्त 80 टक्क्यांची अट होती, तेही आता टक्क्यावर. पत्त्यांचा बंगला असाच कोसळतो, आणि पहिला पत्ता काढणारा तोवर दुसऱ्या गावात दुकान थाटून बसलेला असतो.

ही अट दुकानदारांनी उगाच काढलेली नाही. मोठ्या दुकानाला फुटाला भाडं नेहमीच कमी असतं, कारण ते गिऱ्हाईक ओढून आणतं आणि ते गिऱ्हाईक वाटेत इतरांकडे खर्च करतं. पशिगियन आणि गूल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये मॉलमधल्या भाड्यांचा हिशोब मांडला, तेव्हा छोट्या दुकानांच्या तुलनेत अँकर, म्हणजे गिऱ्हाईक ओढणाऱ्या मोठ्या दुकानांना फुटामागे मिळणारी सवलत त्यांना किमान 72 टक्के दिसली. म्हणजे छोटा दुकानदार जे जास्तीचं भाडं भरतो, ते शेजाऱ्याच्या नावाची किंमत असते. शेजारी गेल्यावर तो ती परत मागणार, यात गैर काय?

अमेरिकेत हे इतक्या थराला गेलं की 2020 मध्ये जेसीपेनी या डिपार्टमेंट स्टोअर्सच्या साखळीने दिवाळखोरी जाहीर केल्यावर सायमन आणि ब्रूकफील्ड या दोन मोठ्या मॉलमालक कंपन्यांनी मिळून ती साखळीच विकत घेतली. भाडेकरू जाऊ नये म्हणून मालकाने भाडेकरूच विकत घ्यायचा. त्यामागे इतरही हिशोब असतील, पण एवढी मोठी दुकानं एकदम बंद पडली तर बाकीच्या करारांचं काय होईल, हा बहुधा त्यातला एक होता.

आता खरी मेख. को-टेनन्सीच्या कलमात मोठं दुकान गेल्यावर मालकाला बदली भाडेकरू आणायची मुभा असते. पण बदली म्हणजे कोण, ते वाचा. एखाद्या करारात फक्त ‘त्यापैकी 75 टक्के जागा वापरणारा किरकोळ विक्रेता’ एवढंच असतं. दुसऱ्यात ‘त्याच दर्जाचं, किमान इतक्या शाखा असलेलं डिपार्टमेंट स्टोअर’. जिम किरकोळ विक्री करत नाही. म्हणजे जिमने 28,000 च्या 28,000 फूट भरले, दिवे लागले, गर्दी झाली, तरी समजा 9 जणांपैकी 6 जणांच्या करारात अशी व्याख्या असेल, तर त्यांच्या लेखी ती जागा रिकामीच. ते टक्क्यावरच राहणार, आणि मुदत भरली की निघायला मोकळे. जिमकडून येणारं भाडं आणि या 6 जणांकडून बुडणारं भाडं समोरासमोर मांडल्याशिवाय सही करू नका, असं म्हणते ते यासाठी.

हे कलम आंधळेपणाने मान्य करायचं मात्र नाही. बऱ्याच करारांत ते वापरायला दुकानदाराची स्वतःची थकबाकी नसावी लागते. काहींत विक्री खरोखर घटल्याचे आकडे द्यावे लागतात. काहींत 12 महिन्यांनंतर एक तर जा, नाही तर पूर्ण भाड्यावर परत या, अशी सक्ती असते. आणि ज्यांच्याशी संबंध चांगले आहेत त्यांच्याकडे मोठं दुकान जाण्याच्या आधीच जा. मुदतवाढ किंवा दुकानाच्या नूतनीकरणाला थोडी मदत देऊन, त्या बदल्यात ‘बदली’च्या व्याख्येत जिम, सिनेमा, सुपरमार्केट अशी दुरुस्ती घालून घ्या. दुकान चालू असताना ही दुरुस्ती स्वस्तात मिळते. शटर पडलं की तिचाच भाव तिप्पट. तुमच्या हातात 8 महिने आहेत ते यासाठी. करारांचा कायदा देशागणिक वेगळा असतो, तेव्हा तक्ता तयार झाला की वकिलाला दाखवा. पण तक्ता स्वतः करा, वकिलावर सोडू नका. वकील कलम वाचतो, तो दुकानदार रोज किती वाजता शटर उघडतो हे त्याला माहीत नसतं.

जिमबद्दल माझा आकस नाही, हे इथे सांगायला हवं. पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल म्हणून ज्याचं नाव घेतात, ते अमेरिकेतलं मिनिआपोलिसजवळचं साउथडेल 1956 मध्ये उघडलं. व्हिक्टर ग्रूएन या वास्तुविशारदाने ते आखलं. एकाच छपराखाली 2 प्रतिस्पर्धी डिपार्टमेंट स्टोअर्स आणली, ही तेव्हा मोठी गोष्ट होती. त्याच साउथडेलमधलं जेसीपेनीचं दुकान 2017 मध्ये बंद झालं, इमारत पाडली गेली, आणि तिथे 2019 च्या शेवटी लाइफ टाइम या साखळीचा फिटनेस क्लब उभा राहिला. मॉल जिथून सुरू झाला तिथेच कपड्यांच्या जागी व्यायाम आला. त्यामागचा हिशोब साधा आहे. कपडे घरबसल्या मागवता येतात, घाम घरबसल्या मागवता येत नाही. शिवाय कपड्याच्या दुकानात माणूस महिन्याकाठी एकदा येतो, जिमला नेमाने जाणारा आठवड्यातून 3 वेळा.

पण तो येतो कसा, किती वेळ थांबतो आणि जाताना कुठे वळतो, हे पाहावं लागतं. तुमच्याकडे सुपरमार्केट आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्याचा करार सगळ्यात आधी उघडा. सुपरमार्केटवाले आपल्या दारापासून ठरावीक अंतरात जिम, सिनेमा, बोलिंग यांना मनाई करणारं कलम वर्षानुवर्षं घालत आलेत. कारण पार्किंग. त्यांचं गिऱ्हाईक 25 मिनिटांत गाडी काढतं, जिमचं दीड तास काढत नाही, आणि दोघांची गर्दी संध्याकाळी एकाच वेळी होते. मोठं दुकान गेल्यावर त्याने घातलेली बंधनं त्याच्यासोबत जातात, सुपरमार्केटची राहतात. हे कलम सापडलं तर जिमची गोष्ट सुपरमार्केटच्या लेखी परवानगीशिवाय पुढे सरकतच नाही, आणि ती परवानगी फुकट मिळत नाही.

दुसरी गोष्ट कानाने तपासायची. एका सेंटरमध्ये वरच्या मजल्यावरच्या जिमबद्दल खालच्या चष्म्याच्या दुकानदाराची तक्रार आली. मालकाचं म्हणणं, अतिशयोक्ती करतोय, भाडं कमी करून घ्यायचंय. मी संध्याकाळी साडेसहाला त्या दुकानात जाऊन उभी राहिले. पहिली 10 मिनिटं काही नाही. मग वरून एक धप्प. भिंतीवरच्या काचेच्या फळ्यांवर चष्म्यांच्या ओळी होत्या, त्या सगळ्या एकदम किणकिणल्या. नजर तपासायला बसलेल्या बाईंनी वर छताकडे पाहिलं. दर 2 मिनिटांनी एक धप्प, पाठोपाठ किणकिण. जिमच्या करारात आवाजाची मर्यादा डेसिबलमध्ये नीट लिहिलेली होती आणि जिम ती पाळतही होता. कंपनाबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. शेवटी जाड रबरी थर टाकून, वजनांची जागा खांबांच्या ओळीवर सरकवून निभावलं. खर्च मालकाने केला.

आता तुमच्या जागेकडे वळू. जिमवाल्याला सगळी जागा हवी आहे म्हणून तुम्ही ती सगळी द्यायलाच हवी असं नाही. मोठ्या दुकानाची अडचण त्याच्या खोलीत, म्हणजे दारापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतरात असते. तुमचा मजला 14,000 फुटांचा. समजा दर्शनी बाजू 100 फूट आणि खोली 140. छोट्या दुकानदाराला 60 फुटांपेक्षा जास्त खोली नको असते, मागची जागा त्याच्यासाठी नुसतं गोदाम. मग तळमजल्यावर पुढची 60 फूट कापा, त्यातून जिमच्या दारासाठी 15 फुटांची वाट सोडा, उरले 85 गुणिले 60, म्हणजे 5,100 फूट दर्शनी गाळ्यांसाठी. मागचे 8,000, वाटेचे 900 आणि वरचा अख्खा मजला मिळून जिमला 22,900. जिमला दर्शनी काच लागत नाही. त्याला मोठी पाटी, स्वतःचं दार आणि जिना पुरतो, आणि आतला जिना तुमच्या कपड्याच्या दुकानात आधीच असणार. वजनं तळमजल्यावर मागे, जिथे खाली फक्त जमीन आहे. ट्रेडमिल आणि योगाची खोली वर. उड्या मारायचे सामूहिक वर्ग असतील तर त्यांची जागाही खालीच.

आकडे उदाहरणादाखल घेते, चलन तुमचं घाला. जुनं दुकान फुटाला महिना 30 देत होतं, जिम 34 देतो म्हणतोय, दर्शनी छोट्या गाळ्यांचा भाव 90. सगळी जागा जिमला दिली तर महिन्याला 9,52,000. कापून दिली आणि जिमने छोट्या जागेला 32 दिले, तर 7,32,800 अधिक दर्शनी गाळ्यांचे 4,59,000, मिळून 11,91,800. फरक महिन्याला 2,39,800. त्यातून मधल्या भिंती, वेगळे वीजमीटर, आगीपासून सुटकेचे रस्ते, वातानुकूलनाची फाटाफूट यांचा खर्च वजा करा आणि तो किती महिन्यांत फिटतो ते पाहा. 3 वर्षांच्या आत फिटत असेल तर मी डोळे झाकून कापते. आणखी एक फायदा असा की त्या 5,100 फुटांत विकणारी दुकानं येतात, म्हणजे को-टेनन्सीच्या व्याख्येशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

आणि तो 34 चा भाव खरा धरू नका. जिमवाले बांधकामासाठी लांबलचक भाडेमाफी आणि मालकाकडून खर्चाचा वाटा मागतात, कारण शॉवर, ड्रेनेज, हवा खेळती ठेवायची यंत्रणा हे सगळं महाग असतं. समजा 10 वर्षांचा करार, 10 महिने भाडं माफ, आणि फुटाला 900 चा वाटा. 110 महिने गुणिले 34 म्हणजे 3,740. त्यातून 900 गेले, 2,840. ते 120 महिन्यांवर पसरा: 23.7. जे दुकान स्वस्तात बसलंय म्हणून तुम्ही कुरकुरत होता, ते 30 देत होतं! वर्षागणिक भाडेवाढ धरली तर चित्र थोडं सुधारतं, पण तुमचे पैसे आधी जातात आणि त्याचे मागाहून येतात हे धरलं तर पुन्हा बिघडतं. प्रत्येक प्रस्ताव असाच उकळून आटवून बघायचा. वाटा द्यायचाच असेल तर तो दुकान उघडल्यावर, हप्त्यांनी, आणि जिम मुदतीआधी गेला तर न फिटलेला भाग परत, असं लिहून घ्या. त्याचे भागीदार कोण, हमी कुणाची, हेही बघा. जिम वर्षाची फी आगाऊ घेतो. तो एका रात्रीत बंद पडला तर सभासद त्याच्या नव्हे, तुमच्या ऑफिसच्या दारात येतात.

दवाखान्याचं लवकर सांगते. घ्या, चांगला भाडेकरू आहे. खुर्च्यांसाठी जमिनीखालून पाइप, कॉम्प्रेसर, क्ष-किरणांची खोली एवढं सगळं बसवल्यावर तो 15 वर्षं हलत नाही आणि भाडं थकवत नाही. पण दर्शनी 3 गाळे त्याला देऊ नका. ज्याचं गिऱ्हाईक वेळ ठरवून, पत्ता शोधत येतं त्याला येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर कशाला हवी? त्यात दवाखाना आला की काचेवर आतून दुधी फिल्म चढते, संध्याकाळी लवकर दिवे मालवतात, आणि 3 गाळ्यांच्या लांबीची भिंतच उभी राहते. माणूस चालत येतो आणि त्या भिंतीपाशी परत फिरतो. त्याला वरचा मजला, लिफ्टजवळ, भाड्यात थोडी सूट देऊन दाखवा. नाहीच ऐकलं तर एक गाळा स्वागतकक्षासाठी दर्शनी आणि बाकी जागा मागे.

आता ते दोघं, रोज येऊन बसणारे. त्यांना एकच प्रश्न विचारा: गेल्या 24 महिन्यांचे विक्रीचे आकडे, महिनावार, द्याल? भाडं, मेंटेनन्स, जाहिरातनिधी सगळं मिळून विक्रीच्या किती टक्के होतं, त्यावर या धंद्यात दुकानदार जगतो की मरतो ते ठरतं. सुपरमार्केटचा नफा तुटपुंजा, त्याला साधारण 2 ते 4 टक्के झेपतात. कपड्याच्या दुकानाला 10 ते 15. एकाचा आकडा 11 वरून 19 वर गेलेला दिसला तर तो खरं सांगतोय, त्याला आत्ता मदत नाही केली तर तो 6 महिन्यांत जाणार. दुसऱ्याचा 9 निघाला तर तो नुसता वारा पाहून शीड लावतोय. आकडे द्यायलाच नकार दिला, तर चहा द्या आणि भाडं आहे तेच ठेवा.

खरी अडचण असणाऱ्याला कायमची सूट देऊ नका. 12 ते 18 महिने टक्क्यावर आणा, खाली एक किमान रक्कम ठेवा, आणि त्या बदल्यात मुदतवाढ किंवा को-टेनन्सीची दुरुस्ती मागा. टक्क्याच्या भाड्याचं गणित असं: वर्षाचं किमान भाडं 12 लाख आणि टक्का 8, तर 12 लाख भागिले 8 टक्के म्हणजे दीड कोटी. दीड कोटीपर्यंतच्या विक्रीला फक्त किमान भाडं. विक्री 1 कोटी 80 लाख झाली तर वरच्या 30 लाखांचे 8 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार जास्तीचे. हा दीड कोटीचा टप्पा किमान भाड्यातून आपोआप निघतो. दुकानदाराचा वकील तो टप्पा गुपचूप 2 कोटी लिहून पाठवतो. मीही पूर्वी पाठवायचे.

विक्री म्हणजे काय, यावर मात्र जितका वेळ घालवाल तितका कमी. काही वर्षांपूर्वी एका कपड्याच्या साखळीचं दुकान भरलेलं दिसायचं आणि विक्रीचा अहवाल घसरत चाललेला. करारात हिशोब तपासायचा हक्क होता, म्हणून मी एक दुपार त्यांच्या काउंटरमागे स्टुलावर बसून काढली. पाऊण तासात 14 गिऱ्हाइकं आली, त्यातली 5 हातात कुरिअरची पिशवी घेऊन. ऑनलाइन मागवलेला शर्ट बसला नाही, तो इथे परत. काउंटरवरचा मुलगा परतावा याच दुकानाच्या नावे वजा टाकत होता. विक्री कंपनीच्या वेबसाइटच्या खात्यात जमा, परतावा मात्र आमच्या गाळ्याच्या खात्यातून वजा. कुणी फसवत नव्हतं. करारात ‘विक्रीतून परतावे वजा करावेत’ एवढंच वाक्य होतं, आणि ते लिहिलं तेव्हा शर्ट मागवायचा एकच रस्ता होता. आता मी 2 वाक्यं घालते: परतावा तेव्हाच वजा, जेव्हा मूळ विक्री याच दुकानात नोंदली होती, आणि ऑनलाइन मागवून या दुकानातून उचललेला किंवा या दुकानाच्या साठ्यातून पाठवलेला माल ही याच दुकानाची विक्री. दुसऱ्या वाक्यावर साखळ्या खूप झगडतात. पहिलं बहुतेक जण मान्य करतात.

नवे करार लिहिताना तुम्ही स्वतः काय कबूल करताय तेही जपा. एखाद्याला ‘कॉफी फक्त आम्हीच विकू’ असा हक्क दिलात तर उद्या पुस्तकांच्या दुकानातल्या कॉफीच्या यंत्रावर भांडण होईल. हक्क द्यायचा तर ‘ज्याच्या विक्रीचा मुख्य भाग कॉफी आहे’ असं लिहा. मी एकदा वाटेत एक किऑस्क, म्हणजे छोटा सुटा स्टॉल, बसवला आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दुकानाचं पत्र आलं: आमच्या दर्शनी काचेसमोर 30 फुटांत 4 फुटांपेक्षा उंच काही ठेवायचं नाही, पान 31. रात्री 11 वाजता 4 माणसं लावून किऑस्क ढकलला. पान 31 मीच टाइप केलेलं होतं, 6 वर्षांपूर्वी.

‘दुकान चालू ठेवावंच लागेल’ हे कलमही मागा. ते नसेल तर भाडेकरू भाडं भरत राहतो आणि शटर बंद ठेवतो, प्रतिस्पर्ध्याने ती जागा घेऊ नये म्हणून. तुमच्या खात्यात पैसे येतात आणि सेंटर मरतं. मोठ्या साखळ्या हे कलम सहसा देत नाहीत. मग निदान एवढं घ्या की सलग 90 दिवस बंद राहिलं तर जागा परत घ्यायचा हक्क तुमचा.

मेंटेनन्सकडेही एकदा पाहा. तो चालू गाळ्यांत वाटला जातो की सगळ्या गाळ्यांत, यावर मोठं दुकान गेल्यावर त्याचा वाटा कुणाच्या अंगावर येतो ते ठरतं. सगळ्या गाळ्यांत वाटला असेल तर तो तुमच्याच अंगावर येईल, आणि मोठ्या दुकानाच्या वाट्यावर कमाल मर्यादा असेल तर काही प्रमाणात तो आधीपासूनच तुमच्या अंगावर असू शकतो.

मधल्या काळात, म्हणजे जुनं दुकान गेल्यापासून जिमचं काम सुरू होईपर्यंत, दर्शनी भागात 3-3 महिन्यांसाठी छोटे विक्रेते बसवा. भाड्याची अपेक्षा ठेवू नका, दिव्यांची ठेवा. फक्त त्यांना भाडेकरार नको, तात्पुरत्या वापराची परवानगी द्या, नाही तर काही ठिकाणच्या कायद्यात ते हलवणं अवघड होऊन बसतं. आणि नव्या गाळ्यांच्या मुदती मुद्दाम वेगवेगळ्या वर्षी संपतील अशा लिहा. तुमचा तक्ता भिंतीवर लागला की बघा, मला जवळपास खात्री आहे की 46 पैकी बरेच करार एकाच वर्षी संपताना दिसतील, कारण सेंटर उघडलं तेव्हा सगळ्यांनी एकदमच सह्या केल्या होत्या.

जिमवाल्याला या आठवड्यात ‘नाही’ म्हणू नका, कामाला लावा. सुपरमार्केटचा करार तुम्ही वाचेपर्यंत त्याच्याकडून आतला नकाशा मागवा, यंत्रांच्या जागांसकट. वजनं कुठे आपटणार ती जागा त्यावर त्यालाच पेन्सिलने दाखवायला सांगा. मग त्या खुणेच्या बरोबर खाली कुठला गाळा येतो ते तुम्ही लिहा, आणि कुणी असलंच तर त्याची फाइल काढा.